शेजाऱ्याच्या लेकराचं औषध

रमाता सिदिबेचं काम म्हणजे डासांना जेवू घालणं. बोबो-दिउलासो शहराच्या कडेला, आंब्याच्या झाडांमागे त्यांची प्रयोगशाळा होती. तिथल्या एका दमट, उबदार खोलीत जाळी लावलेल्या कागदी पेल्यांत डासांच्या माद्या असत, आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेल्या. पेल्यावर काचेची छोटी वाटी, वाटीच्या तळाशी ताणून बसवलेला पातळ पडदा, भोवतीनं कोमट पाणी फिरतं ठेवलेलं आणि वाटीत माणसाचं रक्त. डासाला वाटावं, आपण कातडीतूनच पितोय. प्रत्येक वाटीत वेगळं औषध कालवलेलं असे. आठवडाभरानं रमाता त्याच माद्यांची पोटं बारीक सुईनं उघडायची, आतडं लाल रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. आतड्यावर गोल गोल फोड दिसले की समजायचं, औषध फुकट गेलं. बहुतेक वेळा फोड दिसतच.

तिच्या माहेरची माणसं विचारायची, "तापावरच्या गोळ्या तर दुकानात मिळतात. तुम्ही नवीन काय शोधता?" रमातानं समजावून सांगण्याचा नाद कधीच सोडला होता. ती शोधत होती ते औषध तापाचं नव्हतंच. हिवताप झालेल्या माणसाच्या रक्तात, ताप उतरल्यावरही, बी राहते. त्या माणसाला तिचा काही त्रास नसतो. डास चावला की ती बी डासाच्या पोटात जाते, तिथं रुजते आणि मग दुसऱ्याच्या अंगात उतरते. ही बी मारणारं औषध हवं होतं. घेणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. वाचलं तर शेजाऱ्याचं लेकरू वाचणार.

आणि बी असलेलं रक्त विकत मिळत नसे. ते गावातल्या पोरांकडून आणावं लागे. खेळत्या-बागडत्या, ताप नसलेल्या, पण बी बाळगणाऱ्या पोरांकडून. म्हणून दर पावसाळ्यात रमाता आणि ड्रायव्हर बाकारी जीप घेऊन गावोगाव हिंडायचे, शाळेत रांग लावून मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे.

त्या वर्षी ते सोमादुगुला गेले. भोवती भातखाचरं, खाचरांत गुडघाभर पाणी, म्हणजे डासांचं माहेरच. शाळेतल्या निम्म्या मुलांत बी सापडली, पण एका मुलीच्या थेंबात ती इतकी दाट होती, की रमातानं भिंग पुसून पुन्हा बघितलं. मुलीचं नाव न्येले. वय नऊच्या आसपास.

आईची परवानगी घ्यायला रमाता घरी गेली, तेव्हा माकुरा अंगणात बाजरी कांडत होती. मुसळ न थांबवता तिनं विचारलं, "कोण गं तू?"

"रमाता सिदिबे. शहरातनं आलेय."

मुसळ थांबलं. "सिदिबे? म्हणजे फुलानी?" माकुराच्या तोंडभर हसू पसरलं. "अगं बाई! माझी गुलाम आपल्या पायांनी घरी आली. आणि गुरं कुठायत? चोरीची होती म्हणून वाटेतच सोडलीस वाटतं!"

"गुरं मागनं येतायत," रमाता म्हणाली. "मालकीणबाईंनी अंगण झाडलंय का, ते बघायला मी पुढं आले. नाही झाडलेलं. बोबोंना ज्वारीच्या दारूतनं सवड मिळेल तेव्हा ना!"

माकुरा मुसळाला धरून खदखदून हसली. शेती करणारे बोबो आणि गुरं राखणारे फुलानी, ह्या दोन जमातींचं हे थट्टेचं नातं पिढ्यान् पिढ्यांचं. भेटताक्षणी एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते बोलायचं, आणि रागावला तो हरला. ह्या नात्यामुळं रमाताची कितीतरी कामं सोपी व्हायची. चटई अंथरली गेली, पाण्याची वाटी आली, आणि मगच मूळ विषय निघाला.

रमातानं सगळं सांगितलं. माकुरा कान देऊन ऐकत होती. नवरा सोन्याच्या खाणीवर, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्यामुळं घरचे निर्णय तिचे तिलाच घ्यावे लागत. मधेच न्येले शाळेतून आली. दप्तर टाकलं, चटईवर लोळणाऱ्या धाकट्या भावाला उचललं, पाठीवर टाकलं आणि कापडानं करकचून बांधलं. हे करताना तिचं हातांकडं लक्षही नव्हतं. भावाचं नाव सिबिरी. दोन वर्षांचा, गुबगुबीत. बहिणीच्या पाठीवर गाल टेकून तो रमाताकडं एका डोळ्यानं बघत राहिला.

"म्हणजे," माकुरा म्हणाली, "माझ्या पोरीला काही झालेलं नाही, तरी तिचं रक्त घेणार. त्यातनं औषध निघालं, तर ते कडू औषध माझ्या पोरीनं प्यायचं. आणि बरं कोण होणार? शेजारणीचं पोर!"

"हो. तसंच आहे."

"फुलान्यांशिवाय असं डोकं कुणाचं चालणार!" माकुरा म्हणाली. मग तिनं शेजारच्या घराकडं बघितलं, जरा विचार केला. "आणि शेजारणीच्या पोरानं प्यालं, तर माझं वाचेल?"

"वाचेल."

"मग घेऊन जा. पण मी बरोबर येणार. गुलामांवर माझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी तिघंही जीपमधून शहरात आली. सिबिरी बहिणीच्या मांडीवर. न्येलेच्या दंडातून एक नळी रक्त काढलं, तेव्हा तिनं ओठ आवळले, रडली नाही. त्याचं बक्षीस म्हणून रमातानं तिला सूक्ष्मदर्शकापाशी स्टुलावर उभं केलं.

"दिसलं? चंद्रकोरीसारखं? ती तुझी बी."

"माझी?" न्येले श्वास रोखून बघत होती. "किती छान आहेत! माझ्यात काय करतात त्या?"

"काहीच नाही. पडून असतात. डास आला, की त्याच्याबरोबर निघतात दुसऱ्याच्या घरी."

"पाहुण्या!" न्येले म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग तिनं सिबिरीला उचलून त्याचा डोळा काचेला लावायचा प्रयत्न केला. त्यानं काचेला लाळ लावली. सगळेच हसले. रमाताला पोरगी फार आवडली. अशी मुलगी शिकली पाहिजे, असं ती बाकारीला म्हणालीसुद्धा.

न्येलेला नेहमीच्या गोळ्या दिल्या आणि तिघांना गावी पोचवलं. त्या गोळ्यांनी ताप आणणारे जंतू मरतात, बी मात्र अजून काही आठवडे रक्तात तग धरते, हे रमाताला पाठ होतं. बी मारणारी एक जुनी गोळी कपाटात होतीही, पण ती काहींच्या रक्ताला सोसत नाही, आणि त्या वर्षीच्या कामात ती देण्याची परवानगी नव्हती. ती द्यायला हवी, हा विचार रमाताच्या मनात आला आणि गेला. दर वर्षी येई आणि जाई, तसाच.

आठवड्यानं तिनं पेले उघडले. पहिल्या पेल्यातल्या आतड्यांवर फोडच फोड. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या पेल्यातला पहिला डास उघडला, तर आतडं स्वच्छ. दुसरा, स्वच्छ. तिला वाटलं, ह्या माद्या प्यायल्याच नसतील. सगळ्या उघडून झाल्या, तरी एकावरही फोड नव्हता. ते औषध नुसत्या क्रमांकानं ओळखलं जायचं, सत्तेचाळीस. रमातानं प्रोफेसरांना हाक मारली. प्रोफेसर दोफिनी मिलोगो निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी अधू. त्यांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांवर त्यांनी टेबलाभोवती नाचून घेतलं.

"त्याच मुलीचं रक्त पुन्हा आण," ते म्हणाले. "पुन्हा असंच दिसलं, तर रमाता, तर..." आणि वाक्य तसंच सोडून ते कुणालातरी फोन करायला गेले.

जायला बरेच दिवस लागले. पाऊस लागून राहिला होता, ओढ्यांना पाणी होतं, जीप अडकायची भीती. अखेर महिना संपता संपता उघडीप झाली, तेव्हा रमाता आणि बाकारी निघाले. तिनं माकुराला भेट म्हणून चघळायची कोला फळं घेतली होती, न्येलेसाठी रंगीत पेन्सिली घेतल्या होत्या. वाटभर ती माकुराला काय काय टोमणे मारायचे, ते जुळवत होती.

अंगणात चटयांवर माणसं बसली होती. बायका एका बाजूला, बाप्ये झाडाखाली. कुणी बोलत नव्हतं. बाकारीनं जीप लांबच थांबवली आणि टोपी काढली.

सिबिरी आदल्या दिवशी गेला होता. सकाळी अंग तापलं, दुपारी झटके यायला लागले. माकुराच्या भावानं मोटारसायकल काढली. मागं माकुरा, तिच्या मांडीवर पोर. ओढ्याला पाणी होतं. वळसा घालून पलीकडच्या पुलावरून जायला निघाले, आणि पूल यायच्या आधीच सिबिरीचं अंग ढिलं पडलं. भाऊ गाडी चालवतच राहिला, कारण माकुरानं त्याला सांगितलंच नाही. दवाखान्याच्या दारात तो मागं वळला, तेव्हा त्याला कळलं.

हे सगळं एका म्हातारीनं रमाताला हलक्या आवाजात सांगितलं. रमाता माकुराच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारं माणूस गेलं, तर थट्टेच्या नात्यातल्यांनी मयतावर येऊन थट्टा करायची, मेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं. तो त्यांचा मानच असतो. लेकराच्या मयताला मात्र थट्टा नसते. लेकराच्या मयताला कुणी काही बोलतच नाही. रमाता मान खाली घालून बसून राहिली.

बऱ्याच वेळानं माकुरा म्हणाली, "बोल की काहीतरी, फुलानी."

"काय बोलू?"

"कालपासनं सगळे माझ्याशी मऊ मऊ बोलतायत. पावलंसुद्धा वाजवत नाहीत. मला सोसत नाही ते. तू तरी शिवी दे."

रमातानं तोंड उघडलं. वाटेत जुळवलेले सगळे टोमणे तोंडाशी आले आणि एकाचाही उच्चार होईना. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "बोबोंच्या घरी आले, तर... साधं पाणीही विचारलं नाही कुणी. कंजूष कुठले."

माकुरा हसली. ते हसू मधेच फाटलं आणि त्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून झाडाखालचे बाप्ये उठून उभे राहिले. रमातानं तिला छातीशी धरलं.

मग माकुरानं डोळे पुसले. "न्येलेकडं बघ जरा. माझ्या हातात नाही राहिली ती."

न्येले स्वयंपाकाच्या झोपडीत होती. बाहेर रणरणतं ऊन, आत धूर कोंदलेला, आणि पोरगी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून बसलेली. आईची दोन जाड कापडं, वरून बापाचा थंडीतला कोट. फक्त डोळे उघडे. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"अगं, हे काय?"

"डास चावू नये म्हणून."

"ते दिवसा चावत नाहीत, बाळा."

"एखादा चावला तर?" न्येले म्हणाली. "मला चावला आणि मग मामाच्या बाळाला चावला तर?"

रमाता तिच्यासमोर मातीत बसली. काय येतंय, ते तिला कळलं होतं. अंगणात सिबिरीचं नाव ऐकल्यापासूनच तिचं मन दिवस जुळवत होतं. डास बी पितो, बी त्याच्यात पिकायला लागतात ते दिवस; तो पुन्हा चावतो, ताप चढेपर्यंतचे दिवस. सगळे दिवस जुळत होते. एकच मच्छरदाणी, दोघं एकमेकांना बिलगून झोपणारी.

"मावशी, सिबिरीला माझ्यातलीच गेली ना?"

सांगता येत नाही, हे खरं उत्तर होतं. कदाचित हो, हेही खरं होतं.

"नाही," रमाता म्हणाली.

"कशावरनं?"

"आमच्याकडं यंत्र असतं. त्यात घातलं, की कुणाची बी कुठली ते दिसतं. मी बघितलं. त्याची वेगळी होती, तुझी वेगळी."

"यंत्रात दिसतं?"

"स्पष्ट दिसतं."

न्येले तिच्या डोळ्यांत बघत राहिली. मग तिनं कोट काढून बाजूला ठेवला. कापडं मात्र तशीच गुंडाळलेली ठेवली.

माकुरा जीपपर्यंत सोडायला आली. न्येलेशी बोलणं चाललं होतं तेव्हा ती झोपडीच्या दाराशी उभी होती, हे रमातानं बघितलं होतं. बाकारी पुढं जाऊन बसला. माकुरा जीपच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "सिबिरीचं रक्त कुणी घेतलंच नव्हतं."

रमाता जीपचं दार उघडता उघडता थांबली.

"मी होते ना तिथं. कुणी सुईसुद्धा लावली नाही. लावायला उरलं काय होतं?" तिचा आवाज शांत होता. "बरं केलंस, तिला सांगितलंस ते. मला मात्र तसलं काही सांगू नकोस. मला काहीच सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तुमचं ते औषध. सापडलं का?"

रमाताच्या पिशवीत रंगीत पेन्सिली होत्या. आपण कशाला आलो होतो, ते आठवून तिनं पिशवी पाठीमागं सरकवली. "एक बरं दिसतंय," ती म्हणाली. "अजून नक्की नाही."

माकुरानं मान हलवली आणि ती परत फिरली.

प्रयोगशाळेत प्रोफेसर दारातच वाट बघत उभे होते. "आणलंस रक्त?" त्यांनी विचारलं, आणि तिचा चेहरा बघून दारातून बाजूला झाले. सगळं ऐकल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. "दुसऱ्या गावातनं आणू," एवढंच म्हणाले. तसं आणलंही. सत्तेचाळीसनं पुन्हा सगळी आतडी स्वच्छ ठेवली, आणि औषध पुढच्या तपासणीसाठी परदेशी गेलं. थंडी सरता सरता निरोप आला, की उंदरांच्या यकृताला ते सोसत नाही. काम बंद. प्रोफेसर म्हणाले, असं होतंच. त्यांच्या उमेदीच्या वर्षांपासून होतच आलंय. रमातानं उरलेल्या कुप्या टाकून दिल्या आणि मोरीवर काचेच्या वाट्या धुवायला घेतल्या. सोमादुगुत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. इथं, नळाखाली हात धरून, ती रडली. नळ तसाच वाहत राहिला.

त्याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या कामाचे कागद तयार होत होते. रमातानं हट्ट धरला, की ज्यांचं रक्त घेऊ, त्या मुलांचं आधी रक्त तपासायचं आणि सोसणाऱ्यांना बी मारणारी जुनी गोळीही द्यायची. समितीतल्या लोकांनी हरकती काढल्या. पोरांना त्या गोळीचा स्वतःला काही फायदा नाही, मग द्यायची कशाला, असंही एकानं विचारलं. रमाता त्यांच्या दारी इतक्या वेळा गेली, की शिपाई तिला न विचारता खुर्ची द्यायला लागला. शेवटी परवानगी मिळाली.

पुन्हा पावसाळा आला. रमाताला सोमादुगुला जायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचंही नव्हतं. शाळेच्या रांगेत न्येले होती, वर्षभरात हातभर उंच झालेली. तिचा नंबर आला, तेव्हा तिनं न बोलता बोट पुढं केलं. रमातानंही न बोलता थेंब घेतला.

दुपारी वर्गातल्या बाकावर सूक्ष्मदर्शक मांडून तिनं काचा बघायला घेतल्या. न्येलेची काच हाती आली, तेव्हा ती आधी बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. मग बघितलं. चंद्रकोरी होत्या. भरपूर होत्या.

माकुराच्या अंगणात ह्या वेळी एक तान्ही मुलगी चटईवर होती. मयताला नवरा खाणीवरून आला होता, कापण्या होईपर्यंत राहिला होता, त्यानंतरची ही. दोन महिन्यांची.

"आली का गुलाम?" माकुरा म्हणाली. पण हात तिचे थांबले होते, आणि रमाता कशाला आली असेल, ते तिला बघताक्षणी कळलं होतं. "पुन्हा?"

"पुन्हा. ह्या वेळी बी मारणारी गोळी देता येईल मला."

"बाळाला उचलत नाही ती," माकुरा खालच्या आवाजात म्हणाली. "रडली तरी लांबनंच मला हाक मारते. मी आता म्हणायचं सोडून दिलंय."

न्येले दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन रमातासमोर बसली, हात मांडीवर ठेवून, मोठ्या बाईसारखी.

"मावशी, मागच्या वर्षी तू म्हणालीस, यंत्रात बघितलं."

"हो."

"बघितलं नव्हतंस ना?"

रमातानं माकुराकडं बघितलं. माकुरानं मान वळवली आणि ती उखळात बघत राहिली.

"नव्हतं," रमाता म्हणाली.

"मग सिबिरीला माझ्यातलीच गेली."

"ते मला माहीत नाही, न्येले. खरंच कुणालाच माहीत नाही, आणि आता कधी कळणारही नाही. तुझ्या शाळेतल्या निम्म्या मुलांत होती. मोठ्या माणसांतही असते. तुझ्या मास्तरांच्यात असेल, मामाच्यात असेल. कुठला डास कुठं बसला, कोण सांगणार?"

"पण माझ्यातही होती."

"हो," रमाता म्हणाली. "तुझ्यातही होती. पण ती तू ठेवली नव्हतीस. कुणीतरी तुझ्यात टाकली, जशी सिबिरीत टाकली. तुला कुणी विचारलं नव्हतं."

न्येले उठून उभी राहिली. ती रडली नाही. रडली असती, तर रमाताला बरं वाटलं असतं. "मला एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये माकुरा बाळाला घेऊन पुढं बसली, न्येले मागं, अगदी टोकाला. प्रयोगशाळेत तिचं रक्त आधी तपासलं. गोळी सोसणारं निघालं. प्रोफेसर तिला बघायला काठी टेकत आले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून परत गेले. मग रमातानं गोळी तिच्या तळहातावर ठेवली. न्येलेनं ती उलटसुलट करून बघितली.

"ही माझ्यासाठी नाही ना?"

"नाही. बाळासाठी. आणि मामाच्या बाळासाठी."

गोळी कडूजहर असते. न्येलेनं ती गिळली, डोळ्यांत पाणी आलं, वर पाणी प्यायला मात्र तिनं घाई केली नाही.

"मग गावात सगळ्यांनाच का देत नाही ही?"

"काहींच्या रक्ताला सोसत नाही. दर वेळी, दर माणसाचं आधी तपासावं लागतं. म्हणून तर नवीन शोधतोय, सरसकट सगळ्यांना देता येईल असं."

"कधी सापडेल?"

रमाता आजवर हा प्रश्न विचारणाऱ्यांना काहीबाही सांगत आली होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षी वाटलं होतं, सापडलं. तुझ्याच रक्तात सापडलं होतं. ते नाही टिकलं."

न्येलेनं मान हलवली आणि बाही वर केली. गोळी रक्तात उतरायच्या आतच नर्सनं सुई घातली, नळी भरली, कोमट डब्यात ठेवली आणि आतल्या खोलीत पळवली. हे रक्त थंड होऊ देऊन चालत नाही. थंड झालं, की बीला वाटतं, आपण डासात पोचलो, आणि ती तिथंच उमलून वाया जाते.

"झालं?" न्येलेनं विचारलं.

"झालं."

"एवढंच? अजून घ्या की."

"तुझ्या वयाला एवढंच घेता येतं, बाळा."

"मला काही होत नाही. अजून घ्या." तिनं दुसरा हात पुढं केला. तोही कोपरापर्यंत उघडा केलेला होता. "एवढ्याशातनं कसं सापडणार?"

रमातानं कापसाचा बोळा दाबून धरला होता, तो तिच्या बोटांखाली हळूहळू लाल झाला. दुसरा हात तसाच पुढं होता. तिनं तो हातात घेतला, बाही खाली ओढली, पण हात सोडला नाही. बाहेर आंब्याखाली माकुरा बाळाला पाजता पाजता बाकारीला कशावरून तरी झाडत होती, आणि बाकारी नेहमीसारखा हसत नव्हता, नुसता ऐकून घेत होता.

आतून सहकाऱ्यानं हाक मारली. "रमाता, पेले तयार आहेत. ये लवकर, रक्त निवतंय!"

"आले," ती म्हणाली, पण उठली नाही.